वाचनालयाच्या मदतीसाठी कला-हस्तकला प्रदर्शन: कारागिराचा मोबदला आधी, निधी नंतर

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाहांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचनालयाला लागून असलेल्या जुन्या खोलीत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका सुरू करायची आहे आणि त्यासाठी निधी हवा आहे. गावातील चित्रकला शिक्षक, बचत गटातील महिला आणि जवळच्या बंजारा तांड्यांवरील कशिदाकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्याकडून चित्रे व वस्तू देणगी म्हणून घ्याव्यात, त्यांचे प्रदर्शन भरवावे आणि विक्रीचे सर्व पैसे वाचनालयाला द्यावेत, असा कार्यकारी मंडळाचा विचार आहे. हे कधी व कसे करावे, त्यातून किती रक्कम उभी राहील आणि कायद्याच्या दृष्टीने काय सांभाळावे, असे त्यांचे प्रश्न आहेत.

वस्तू देणगी म्हणून मागण्याचा विचार प्रथम सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सुचवीन. वाचनालय हे सार्वजनिक काम आहे हे खरे, पण ज्या बाईचे हातावर पोट आहे तिच्याकडून आठ-दहा दिवसांचे काम फुकट घेऊन शहरात नोकरी करणाऱ्यांच्या मुलांनाही उपयोगी पडणारी अभ्यासिका उभारणे हा उलटा व्यवहार आहे. तो टिकतही नाही. पहिल्या वर्षी भिडेखातर वस्तू मिळतात, दुसऱ्या वर्षी घरात पडून असलेल्या वस्तू येतात आणि तिसऱ्या वर्षी प्रदर्शनच होत नाही, असा क्रम मी अनेक गावांत पाहिला आहे. शिवाय वस्तू फुकट मिळालेली आहे हे गिऱ्हाइकाला कळले की तोही ती पडत्या भावाने मागतो, आणि त्यामुळे त्या कारागिराचा एरवीचा बाजारभावही खाली येतो.

म्हणून किंमत कारागिराने ठरवावी, तिची रक्कम तिला पूर्ण मिळावी आणि वाचनालयाचा हिस्सा त्या किमतीवर वेगळा आकारून तो चिठ्ठीवर उघडपणे छापावा. ‘कारागिरास 1,200 रुपये, वाचनालयास 200 रुपये, एकूण 1,400 रुपये’ अशी चिठ्ठी लावलेली वस्तू मी पाहिली आहे, आणि तिच्यावर घासाघीस करायला सहसा कोणी धजावत नाही, कारण आपण नेमके कोणाचे पैसे कापायला सांगत आहोत हे समोरच लिहिलेले असते. ज्यांची उपजीविका त्या कलेवर नाही, उदाहरणार्थ पगारदार कलाशिक्षक किंवा निवृत्त प्राध्यापक, त्यांनी विक्रीच्या रकमेतील मोठा वाटा किंवा सगळी रक्कम वाचनालयाला दिली तर ती आनंदाने घ्यावी. मात्र तो निर्णय त्यांनी आपणहून आणि लेखी कळवलेला असावा. एकाने दिले म्हणून दुसऱ्याकडे त्याच नजरेने पाहू नये.

किंमत ठरवण्यास कारागिराला मदत करावी लागते, आणि इथे थोडा वेळ द्यावा. वाकळ शिवणाऱ्या बाईला ‘किती घेशील’ असे विचारले तर ती संकोचाने अगदी कमी आकडा सांगते, कारण जुनी लुगडी घरचीच असतात आणि दुपारच्या फावल्या वेळातले शिवण ती काम म्हणून धरतच नाही. तिच्याशेजारी बसून हिशोब मांडावा: अस्तराला नवे कापड किती लागले, दोऱ्याची रिळे किती, आणि सलग बसली असती तर किती दिवस गेले असते. तितक्या दिवसांची तुमच्या शिवारातील खुरपणीची चालू रोजंदारी ही मजुरीची तळाची पातळी समजावी आणि त्यावर कसबाचे मोल चढवावे. धावदोऱ्याचे टाके जवळजवळ आणि एकसारखे असतील, चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत नेले असतील, कोपरे ओढले गेलेले नसतील, तर ती वाकळ आणि पंधरा दिवसांत उसवणारी वाकळ एका भावाची नाही. हा फरक विक्रीच्या टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेवकाला बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

आता रकमेचा प्रश्न. समजा, प्रदर्शनात 80 वस्तू मांडल्या, त्यांची सरासरी किंमत 900 रुपये आहे आणि त्यांतील निम्म्या विकल्या गेल्या. एकूण विक्री 36,000 रुपये झाली. वाचनालयाचा वाटा सरासरी 20 टक्के धरला तरी हाती 7,200 रुपये येतात. फळ्यांचे भाडे, विजेची सोय, छपाई, कारागिरांचा जाण्यायेण्याचा खर्च आणि चहापाणी एवढे धरले तर याहून अधिक रक्कम सहज निघून जाते. म्हणजे केवळ विक्रीच्या हिश्शावर अवलंबून राहिले तर प्रदर्शन तोट्यात जाईल. हा आकडा पाहूनच मंडळे ‘मग वस्तू फुकटच घेऊ’ या निष्कर्षाकडे वळतात. खरे उत्तर असे आहे की विक्री कारागिरासाठी असावी आणि निधी प्रदर्शनाभोवती जमलेल्या माणसांकडून यावा.

त्यासाठी प्रदर्शनाचा सगळा खर्च उद्घाटनापूर्वीच बाहेरून उभा करावा. मोंढ्यातील आडते, कृषी सेवा केंद्रवाले, सराफ, डॉक्टर यांच्याकडे ‘वाचनालयास मदत करा’ असे मोघम सांगत जाऊ नये. मंडपवाल्याकडून फळ्या, छापखान्याकडून पावतीपुस्तके, विजेचे साहित्य विकणाऱ्याकडून दिवे असे जे ज्याच्या धंद्यातले आहे ते मागावे, आणि रोख रक्कम हवी असेल तर ती कशासाठी हे आकड्यासह सांगावे. हीच गोष्ट मुख्य निधीलाही लागू आहे. ‘अभ्यासिकेसाठी निधी’ या शब्दांना फारसे कोणी पैसे देत नाही, पण स्थानिक सुताराकडून लेखी दर घेऊन एका टेबलाची, एका खुर्चीची, एका पंख्याची किंमत फळ्यावर लिहिली आणि ज्याने जे दिले त्याच्यापुढे त्याचे नाव लिहीत गेले, तर फळा संध्याकाळपर्यंत भरत जातो. पुस्तकांचेही तसेच करावे. मुलांना हवी असलेली पुस्तके ग्रंथपालाने त्यांच्याकडूनच विचारून यादीत घ्यावीत, छापील किमती लिहाव्यात आणि पाहुण्याला यादीतील एक पुस्तक निवडू द्यावे. अन्यथा घरातील रद्दी ‘पुस्तकदान’ म्हणून येते आणि ती ठेवायची कुठे हा नवाच प्रश्न उभा राहतो.

सामुदायिक वाकळ हा आणखी एक मार्ग मला फार उपयुक्त वाटतो. प्रत्येक गल्लीतील महिलांनी ठरलेल्या मापाचा एकेक चौकोन शिवून द्यावा, एका अनुभवी बाईला तिची मजुरी देऊन ते सगळे जोडून घ्यावेत आणि शेवटच्या दिवशी त्या वाकळेचा लिलाव करावा. येथे प्रत्येकीने थोडासा वेळ दिलेला असल्यामुळे कोणावर भार पडत नाही, आणि यात्रेतील मानाचे लिलाव पाहिलेल्या आपल्या माणसांना बोली लावण्याची रीत नव्याने शिकवावी लागत नाही. वाकळ घेणाऱ्याने ती पुन्हा वाचनालयालाच भेट दिली, असेही होते. लिलाव चालतो, पण तिकिटे विकून सोडत काढू नये. लकी ड्रॉ ही गोष्ट साधी वाटली तरी परवान्याशिवाय पैसे घेऊन सोडत काढणे हा गुन्हा ठरू शकतो, आणि सार्वजनिक न्यासाने त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

केव्हा भरवावे, या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्यात दोन हंगामांत अडकलेले आहे. गिऱ्हाइकाच्या हाती पैसा येतो तो सोयाबीनची रास होऊन माल मोंढ्यावर गेल्यावर आणि कापसाची पहिली वेचणी झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह दरवर्षी 14 ते 20 नोव्हेंबर या काळात साजरा होतो, तेव्हा वाचनालयाच्या कार्यक्रमाला निमित्तही मिळते. पण नेमक्या त्याच वेळी बीड, जालना, परभणी, नांदेड या भागांतील तांड्यांवरील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडलेली असतात आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत, परत येत नाहीत. जिचे कशिदाकाम तुम्ही मांडणार ती स्त्री तेव्हा परजिल्ह्यात कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहत असेल. त्यामुळे तांड्यावरील वस्तू दसऱ्यापूर्वीच जमा कराव्यात, प्रत्येक वस्तूचे छायाचित्र आणि किंमत लिहिलेली यादी दोन प्रतींत करून एक तिच्याजवळ द्यावी आणि किमतीचा काही भाग त्याच वेळी अदा करावा. उरलेली रक्कम तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करावी, मुकादमाकडे किंवा घरातील दुसऱ्या कोणाकडे देऊ नये. कारागीर प्रत्यक्ष हजर असावेत असा आग्रह असेल, तर प्रदर्शन दसऱ्याच्या आधी भरवावे लागेल, आणि मग विक्री कमी होईल हे गृहीत धरावे. मी पहिला मार्ग निवडीन. दोन्ही मार्गांत आठवडी बाजाराचा दिवस प्रदर्शनात यायला हवा, म्हणजे खेड्यांवरची माणसे येतील. एप्रिल-मे महिन्यांत मात्र दुपारी कोणी फिरकणार नाही.

बंजारा कशिदाकामाविषयी एक सावधगिरी सांगतो. फेटिया (घागरा), काचळी (चोळी) आणि टुकरी (ओढणी) यांवरील आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचे जुने काम पाहून शहरी पाहुणे लगेच विकत मागतात. आजीने अंगावर वापरलेला पोशाख विक्रीला ठेवू नये. असे पोशाख व्यापारी घेऊन जातात, त्यांचे तुकडे करून उशांचे अभ्रे करतात आणि घरातला नमुना कायमचा जातो. जुने काम ‘विक्रीसाठी नाही’ अशी पाटी लावून फक्त दाखवावे आणि त्याच्या शेजारी त्याच हाताने किंवा त्याच घरात नव्याने केलेल्या पिशव्या, पट्टे, तोरणे विक्रीस ठेवावीत. आगाऊ मागणी नोंदवण्याची वहीही तिथेच ठेवावी. प्रदर्शनातल्या विक्रीपेक्षा या वहीतून कारागिराला अधिक काम मिळते.

पैठणी आणि हिमरू ठेवायचे का, असे तुम्ही विचारले नाही, पण मराठवाड्यातील प्रदर्शनात हा विषय निघतोच. हातमागावरच्या पैठणीला अनेक आठवडे, कधी महिने लागतात, तिची किंमत तालुक्याच्या गावातील प्रदर्शनाच्या आवाक्याबाहेरची असते, आणि ‘पैठणी’ या नावाने यंत्रमागावरचा माल सर्रास विकला जातो. वाचनालयाच्या नावाखाली नकली माल विकला गेला तर त्याची लाज वाचनालयाला वाटली पाहिजे. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मोर किंवा वेल मागच्या बाजूनेही जवळपास पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो. यंत्रावरच्या साडीत मागे धाग्यांचे लोंबते पदर किंवा कापलेले टोक दिसतात. सुती ताण्यावर रेशमी बाण्याने विणल्या जाणाऱ्या हिमरूचे विणकर छत्रपती संभाजीनगरमध्ये आता थोडेच उरले आहेत. त्यांच्याकडून एखादी शाल किंवा जॅकेटचे कापड मागवून ते विणण्याची पद्धत समजावणारा फलक लावावा. विक्रीचा आग्रह धरू नये. बिदरी कामाचेही, म्हणजे काळ्या धातूवर चांदी जडवण्याच्या कामाचेही, तसेच. बिदर आज कर्नाटकात असले तरी पूर्वी ते आणि आपण एकाच हैदराबाद संस्थानात होतो, आणि उदगीर-देगलूरकडच्या वाचनालयांना तिथला कारागीर पुण्या-मुंबईच्या कारागिराहून जवळचा आहे.

चित्रांच्या बाजूने पाहिले तर तालुक्याच्या गावातील कलेचा कणा म्हणजे शाळांतील कलाशिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांसाठी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना तयार करणारे हे लोक स्वतः उत्तम निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे काढतात, आणि त्यांची चित्रे त्यांच्या घराबाहेर फारशी कोणी पाहिलेली नसतात. त्यांना एकत्र आणणे हेच अर्धे काम आहे. छायाचित्रावरून किंवा दुसऱ्याच्या प्रसिद्ध चित्रावरून केलेली नक्कल विक्रीस ठेवू नये. मुलांची चित्रे लावावीत, पण विकू नयेत. कोणाचे विकले गेले आणि कोणाचे नाही, हे वयाच्या नवव्या वर्षी कळण्याची गरज नाही.

मांडणीत दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे वाकळ, घोंगडी आणि कशिद्याची कापडे खिळ्यांनी किंवा चिमट्यांनी टांगली जातात. भार दोन-तीन टाक्यांवर येतो आणि कापड फाटते. त्याऐवजी वरच्या कडेला मागच्या बाजूने परकराच्या नेफ्यासारखी कापडाची पट्टी सैल टाक्यांनी शिवून घ्यावी, तिच्यातून बांबू ओवावा आणि बांबूला दोन्ही टोकांना सुतळी बांधावी. प्रदर्शन संपले की पट्टी उसवता येते. चित्रांचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असावा, आणि जलरंगातील चित्रे खिडकीतून थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नयेत.

दुसरी गोष्ट विजेची. मंडपवाले हॅलोजन लावतात, पडदे ज्वालाग्राही असतात आणि तारा उघड्या जोडलेल्या असतात. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती ब्रिटिश लष्करी अधिकारी व चित्रकार रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केल्या होत्या, आणि त्यांतील बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. तिथे सारी व्यवस्था असूनही हे घडले. आपल्याकडे एलईडी दिवे, एक जाणता वायरमन, वाळूच्या बादल्या आणि रात्री मुक्कामाला एक माणूस एवढे तरी असलेच पाहिजे. शक्य असल्यास मंडप टाळून शाळेचे सभागृह घ्यावे. वाचनालयाच्या दालनातच प्रदर्शन असेल, तर वृत्तपत्रांचे टेबल त्या दिवसांतही चालू ठेवावे. रोजचा वाचक बाहेर उभा आणि आत त्याच्याच नावाने उत्सव, हे बरे दिसत नाही.

एक टेबल वाचनालयाच्या स्वतःच्या इतिहासाला द्यावे. आपल्या भागातील जुनी वाचनालये निजामी राजवटीत, जाहीर सभांवर निर्बंध असताना, माणसांना एकत्र येण्याची जागा होती. पहिली दाखलनोंद वही, जुने सभासद रजिस्टर, उर्दू आणि मराठी पुस्तके शेजारी शेजारी मांडली की वयस्क मंडळी त्या वहीत वडिलांचे नाव शोधू लागतात. मोठ्या देणग्या बहुतेक याच टेबलापाशी मिळतात.

पैशांचे नियम कंटाळवाणे आहेत, पण त्यांत ढिलाई नको. क्यूआर कोड वाचनालयाच्या बँक खात्याचाच असावा, कोषाध्यक्षांच्या मोबाइलचा नव्हे. विक्रीची पावती वेगळी आणि देणगीची पावती वेगळी असावी. 1,400 रुपयांची वाकळ विकत घेणारा माणूस देणगीदार नसतो, त्यामुळे त्या रकमेवर त्याला उत्पन्नकरात सवलत मिळत नाही, आणि तशी पावती देणे चुकीचे आहे. ज्याने खरोखर देणगी दिली त्याला, तुमच्या संस्थेकडे त्यासाठीची नोंदणी असेल तरच, सवलतीची पावती द्यावी. 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगावे. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत वस्तूंसाठी 40 लाख आणि सेवांसाठी 20 लाख रुपयांची वार्षिक उलाढाल ही आपल्या राज्यातील सर्वसाधारण मर्यादा आहे. गावच्या प्रदर्शनाची उलाढाल तिच्या जवळपासही जात नाही, मात्र एखादा नोंदणीकृत दुकानदार माल ठेवणार असेल तर तुमच्या लेखापरीक्षकाला आधी विचारावे. सार्वजनिक जागा वापरणार असाल तर नगरपंचायतीची आणि ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलिसांची परवानगी लेखी घ्यावी. ध्वनिक्षेपक नसला तर उत्तमच.

प्रदर्शनाआधी कार्यकारी मंडळाने ठराव करून निधीचा हेतू नेमक्या शब्दांत नोंदवावा आणि खात्यांत ‘अभ्यासिका निधी’ असे वेगळे शीर्षक उघडावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 खाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अनुदान त्यांच्या वर्गानुसार ठरते आणि ते हप्त्यांनी येते. हप्ता लांबला की ग्रंथपालाचा पगार थकतो, आणि मग समोर दिसणाऱ्या या निधीला हात लावण्याचा मोह होतो. पगार थकणे हे गंभीरच आहे, परंतु लोकांनी टेबलासाठी दिलेला पैसा पगाराला गेला तर पुढच्या वर्षी फळ्यावर नाव लिहायला कोणी येणार नाही. पगारासाठी वेगळे आवाहन करावे आणि ते त्याच शब्दांत करावे. जमलेल्या रकमेचा आणखी एक उपयोग होऊ शकतो. 1972 मध्ये स्थापन झालेल्या, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशनच्या काही योजनांत ग्रंथालयाला इमारत किंवा साहित्यासाठी स्वतःचा वाटा भरावा लागतो. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे त्या वेळच्या योजनेची चौकशी प्रदर्शनापूर्वीच केली, तर तो वाटा हे आपले पहिले लक्ष्य ठरवता येते, आणि देणगीदारालाही आपला रुपया वाढणार आहे हे समजते.

प्रदर्शन संपल्यावर आठ दिवसांच्या आत कारागिरांचे पैसे त्यांच्या खात्यांत गेले पाहिजेत. वाचनालयाचा हिशोब त्यानंतर करावा. न विकल्या गेलेल्या वस्तू घडी घालून, कापडात गुंडाळून, यादीशी ताडून परत द्याव्यात आणि मिळाल्याची सही घ्यावी. ऊसतोडीला गेलेल्या बाईची वस्तू उरली असेल तर ती वाचनालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवून तिला फोन करून तसे कळवावे. जमाखर्चाचा एक पानी तक्ता, खर्चासह, वाचनालयाच्या सूचना फलकावर महिनाभर लावून ठेवावा आणि त्याची एक प्रत खर्च उचललेल्या प्रत्येक दुकानात हाताने पोहोचवावी.